फिकट पिवळी एमजीबी: इंजिन सोळा आणे, उजव्या बाजूची खात्री बाकी

गाडी बघायला निघण्याआधी कोल्हापूरला पप्पांना फोन केला. त्यांनी एकच गोष्ट दोनदा सांगितली. "इंजिन गार असतानाच चालू कराय लाव. तू पोचायच्या आधीच त्यानं गरम करून ठेवलं आसंल, तर समज कायतरी लपवाय लागलाय."

त्यामुळे त्या आवारात गाडीतून उतरल्यावर मी आधी नमस्कार-चमत्कार केलेच नाहीत. सरळ जाऊन एमजीबीच्या, म्हणजे एमजीच्या त्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या, बॉनेटवर हात ठेवला. मार्चातली सकाळ होती आणि पत्रा बर्फासारखा गार. मालक हसले आणि म्हणाले, "कालपासून चालू केलेली नाही, तुमच्यासाठीच ठेवली." तिथेच मला त्यांच्याबद्दल बरं वाटलं, आणि पुढे जे दोन मुद्दे खटकले ते लिहितानाही हे आधी सांगायला हवं असं वाटतं.

मी इंग्लंडात स्विंडनला राहते. नोकरी धातूच्या ओतीव भागांच्या (कास्टिंगच्या) तपासणीची, म्हणजे लोकांनी 'झालं' म्हटलेल्या वस्तूत काय राहिलंय ते शोधायची. गाडी होती नॉर्थलीचच्या अलीकडच्या एका खेड्यात, जुन्या गोठ्याच्या इमारतीत. हे गृहस्थ वर्षाला चार-पाच गाड्या उघडून, दुरुस्त करून विकतात. जाहिरातीत लिहिलं होतं: १९६८ ची एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची), मार्क टू (दुसरी आवृत्ती), पूर्ण उघडून नव्याने बांधलेली, तारांची चाकं, ओव्हरड्राइव्ह, मूळ रूपात. किंमत १७,९५० पौंड.

किल्ली फिरवली की एमजीबी आधी मागच्या बाजूने बोलते. एसयू कंपनीचा विजेवर चालणारा पेट्रोल पंप मागच्या चाकाजवळ बसवलेला असतो. तो टकटक-टकटक असा घाईने सुरू होतो, मग सावकाश होतो आणि कार्बोरेटर भरले की गप्प बसतो. गप्प बसला नाही तर कुठेतरी पेट्रोल गळतंय, किंवा कार्बोरेटरमधल्या फ्लोटची सुई नीट बसत नाहीये. इथे सात-आठ ठोके पडले आणि शांतता. मग चोक ओढून सेल्फ मारला. दुसऱ्या फेरीला इंजिन लागलं.

तो आवाज ऐकून मी क्षणभर उद्यमनगरात होते. पप्पांचं गॅरेज तिथे होतं, शेडसमोर कायम दोन-तीन अँबॅसॅडर उभ्या असायच्या. टॅक्सीवाल्यांच्या, सरकारी खात्यांच्या, साखर कारखान्याच्या एखाद्या संचालकाची पांढरी, पडदे लावलेली. शाळा सुटल्यावर मी तिथेच एका उलट्या डब्यावर बसून गृहपाठ करायचे. माझ्या कानात जे इंजिन बसलंय ते अँबॅसॅडरचं, आणि एमजीबीचं इंजिन त्याचं सख्खं भावंड आहे.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. दोन्ही इंजिनं ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीजमधली. अँबॅसॅडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री. तिच्यात वर्षानुवर्षं राहिलं ते १४८९ सीसीचं, आणि एमजीबीतलं १७९८ सीसीचं. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, दोन्हींचा एकच, ८८.९ मिलिमीटर. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, तेवढा ७३ वरून ८०.२६ मिलिमीटरपर्यंत वाढवला. वर एकाऐवजी दोन एसयू कार्बोरेटर दिले, आणि जे इंजिन आमच्याकडे सहा माणसं आणि टपावरचं सामान ओढत जोतिबाचा डोंगर चढायचं, तेच इथे ९५ अश्वशक्तीची स्पोर्ट्स कार पळवायला लागलं. मॉरिस ऑक्सफर्ड बनायची ऑक्सफर्डजवळच्या काउलीला, एमजीबी बनायची ॲबिंग्डनला. दोन्ही गावांत थोड्याच मैलांचं अंतर. मी गेल्या महिन्यात दोन्हीकडून फिरून आले.

इंजिन चालू असताना आवाज टिपून पप्पांना पाठवला. त्यांचं उत्तर मिनिटाभरात आलं. "टॅपेट मारतंय जरा. मारू दे. आवाज करणारं टॅपेट बरं, गप्प असलेलं घट्ट असतंय, ते व्हॉल्व्ह जाळतंय." पुढे लिहिलं होतं, "गरम झाल्यावर तेलाचा दाब बघ, मग बोल."

बघितला. एमजीबीत एकाच तबकडीत तेलाचा दाब आणि पाण्याचं तापमान दोन्ही दिसतं. गार असताना काटा साठच्या पुढे होता. पाऊण तास चालवून आल्यावर, इंजिन चांगलं तापलेलं असताना, उभ्या गाडीत वीसच्या थोडा वर आणि रस्त्यावर पन्नास-पंचावन्नला टिकून. या इंजिनाला एवढा दाब म्हणजे खालचे बेअरिंग तंदुरुस्त. १९६४ च्या अखेरीपासून एमजीबीच्या क्रँकला तीनऐवजी पाच मेन बेअरिंग आले. त्या आधीचं इंजिन घेणार असाल तर हा काटा अधिक बारकाईने बघा. या गाडीच्या इंजिनाचा क्रमांक १८जीडी ने सुरू होतो आणि चॅसी क्रमांकाच्या पट्टीवर जीएचएन४ आहे. १९६७ च्या शेवटी आलेल्या मार्क टूला दोन्ही जुळतात.

कार्बोरेटरही तपासले. एसयूच्या खाली एक बारीक पिन असते. ती बोटाने वर दाबली की आतला पिस्टन किंचित उचलला जातो. इंजिनाचा वेग क्षणभर वाढून पुन्हा जागेवर आला तर मिश्रण बरोबर, वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त, पडायला लागला तर कमी. पुढचा कार्बोरेटर बरोबर होता, मागच्यात पेट्रोल थोडं जास्त जात होतं. हे दहा मिनिटांचं काम, त्यासाठी कुणी भाव पाडू नये. हेडचं काम झाल्याचं बिल फाइलमध्ये आहे. व्हॉल्व्हच्या बैठका कठीण धातूच्या बसवल्या आहेत, म्हणजे शिसं नसलेलं पेट्रोल चालेल. इथे सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं. जुन्या रबरी नळ्यांना ते सोसत नाही. या गाडीच्या नळ्या नव्या आहेत, तरी मालक पाच टक्केवालं महाग पेट्रोलच टाकतात. मीही तेच केलं असतं.

इंजिनाबद्दल मला एवढंच म्हणायचंय की ते मनापासून केलेलं काम आहे. गास्केटच्या कडेने कुठे लाल लेपाचे ओघळ नाहीत, तारा जिथून जायला हव्यात तिथूनच जातात, आणि नटांचे कोपरे शाबूत आहेत. पाना घसरून गोल झालेला एकही नट मला दिसला नाही. पप्पांच्या हाताखाली पोरं शिकायला यायची, तेव्हा ते पहिले सहा महिने फक्त हेच बघायचे.

आता पत्रा. एमजीबी बघायला जाणाऱ्या प्रत्येकाने इथे निम्मा वेळ घालवावा, कारण इंजिन पुन्हा बांधता येतं आणि त्याचे भाग इथे सहज मिळतात, पण या गाडीचा जीव असतो दाराखालच्या उंबऱ्यात. एमजीबीला वेगळी चॅसी नाही. बॉडी हीच चॅसी. वर टप नाही, त्यामुळे पुढचा भाग आणि मागचा भाग यांना एकत्र धरणारं जे काही आहे ते दोन दारांखालच्या सिलमध्ये. हे सिल बाहेरून एक सरळ पत्रा दिसतं. आत मात्र थर असतात: बाहेरचं सिल, मध्ये एक उभा पडदा, मग आतलं सिल, आणि खालून कॅसल रेल. तिला ते नाव पडलं तिच्या घडीवरून. कापून बघितली तर किल्ल्याच्या तटावरच्या चर्यांसारखी दिसते.

पाणी आणि रस्त्यावरचं मीठ पुढच्या चाकामागून या पोकळीत शिरतं आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेर फोड दिसेपर्यंत आतला पडदा गेलेला असतो. आणि बाहेरच्या सिलचं पुढचं टोक पुढच्या विंगच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) आत गेलेलं असतं. म्हणजे विंग काढल्याशिवाय, निदान तिचा खालचा भाग कापल्याशिवाय, सिल नीट बदलताच येत नाही. जुन्या गंजावर वरून नवा पत्रा झाकून वेल्ड मारणं सोपं आणि स्वस्त. रंग दिल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून फोटो मागायचे.

मालकांनी मोठी फाइल पुढे केली. डाव्या बाजूचे फोटो मी मोजले, एकतीस. विंग काढलेली, दाराच्या चौकटीत आडवी नळी वेल्ड करून बॉडी वाकू नये म्हणून धरलेली, जुनी कॅसल रेल कापून बाजूला टाकलेली, नवा पडदा, नवं आतलं सिल, झिंकचा रंग, मेण. इतकं स्वच्छ वेल्डिंग मी आमच्या कारखान्यातही रोज बघत नाही. मग मी पान उलटलं आणि विचारलं, उजवी बाजू?

उजव्या बाजूचे फोटो तीन. तिन्हींमध्ये विंग जागेवर.

ते म्हणाले, उजवी बाजू मुळातच चांगली होती, फक्त बाहेरचा पत्रा बदलला. असू शकतं. इंग्लंडात गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूने धावते, कडेला साचलेलं मिठाचं पाणी डाव्या बाजूला जास्त बसतं, हे खरं आहे. पण जाहिरातीत 'पूर्ण उघडून नव्याने बांधलेली' असं आहे, आणि विंग न काढता बाहेरचा पत्रा बदलणं हे त्या शब्दांत बसत नाही.

मी जॅक मागितला. एमजीबीचा जॅक सिलच्या मधोमध लागतो, त्यामुळे सिल अशक्त असलं तर गाडीचे दोन्ही शेवट किंचित खाली झुकतात आणि दाराची फट बदलते. मी जाड कागदाचं एक कार्ड फटीत सरकवून बघते. डावीकडे गाडी उचलण्याआधी आणि नंतर कार्ड सारखंच घट्ट. उजवीकडे उचलल्यावर दाराच्या वरच्या मागच्या कोपऱ्यात ते जरासं सैल झालं. दार सहज उघडलं, सहज लागलं. फरक इतका थोडा की दुसऱ्या कुणी 'वहम' म्हटलं असतं. मी तीनदा केलं. तिन्हीदा सैल. फडक्यात गुंडाळलेलं चुंबक फिरवलं, ते सगळीकडे चिकटलं. म्हणजे पुट्टी नाही, पत्राच आहे. त्या पत्र्याच्या आत काय आहे ते मला ठाऊक नाही, आणि माझा सगळा प्रश्न तेवढाच आहे.

दुसरा मुद्दा रंगाचा. रंग सुंदर आहे, यात वाद नाही. एमजीच्या यादीत त्याचं नाव पेल प्रिमरोज, आपल्या भाषेत सांगायचं तर ताज्या लोण्यात चिमूटभर हळद कालवल्यासारखा. ढगाळ उजेडातही गाडी उठून दिसते. पण फाइलमध्ये गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून मिळणारं प्रमाणपत्र आहे. कारखान्याच्या जुन्या नोंदवह्यांतून ते बनवतात. त्यावर लिहिलंय की ही गाडी ॲबिंग्डनहून बाहेर पडली ती टार्टन रेड रंगात. सीटमागचं बॅटरीचं झाकण काढलं तर आत कोपऱ्यात तो लाल रंग अजून आहे. मूळ या गाडीत तिथे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असायच्या, आता बारा व्होल्टची एक आहे. हा बदल शहाणपणाचा, बहुतेक सगळे करतात. रंग बदलण्यातही पाप नाही. पण मग 'मूळ रूपात' असं लिहू नये. मी हे बोलले तेव्हा त्यांनी मान्य केलं आणि जाहिरात बदलतो म्हणाले. हे लिहीपर्यंत ती बदललेली नाही.

आतला भाग चांगला आहे. काळं चामडं नवं, शिलाई सरळ, तारांच्या आऱ्यांचं मोठं स्टिअरिंग मूळचं, काळ्या सुरकुतलेल्या रंगाचा पत्र्याचा डॅशबोर्ड पुन्हा रंगवलेला, स्मिथ्सचे काटे चालू. पेट्रोलचा काटा वळणावर डुलतो. तेवढंच.

तारांच्या चाकांना मी आधी थोडी घाबरून होते, कारण चाक ज्यावर बसतं त्या हबच्या दातऱ्या झिजल्या असतील तर खर्च चाकांवर थांबत नाही, हबही बदलावे लागतात. गाडी उचलून, मालकांना ब्रेक दाबून धरायला सांगून, प्रत्येक चाक मागेपुढे हलवलं. कुठेही खटका नाही. पुढच्या किंगपिनमध्ये खेळ नाही आणि ग्रीस ताजं. मागच्या डाव्या शॉकअबला तेलाची ओल आहे. हे जुन्या धाटणीचे, दांड्याने चालणारे शॉकअब, दुरुस्त करून मिळतात.

मग आम्ही निघालो. विमा त्यांचाच होता, पण आधी विचारून घ्या. फॉस वे हा रोमनांनी आखलेला रस्ता, मैलोन् मैल सरळ. त्यावर पहिली पाच मिनिटं मी नुसती गाडीचं वजन समजून घेत होते. एमजीबी नऊशे किलोच्या आसपास भरते, पण पॉवर स्टिअरिंग नाही, ब्रेकला जोर वाढवणारा सर्वो नाही, क्लच जड. हळू असताना हातांना कष्ट पडतात. तीस मैलांच्या पुढे गेलं की स्टिअरिंग हलकं होतं आणि रस्त्यावरचा प्रत्येक खडा तळहाताला कळतो. मागे स्प्रिंगचे पाटे आहेत, त्यामुळे खड्ड्यात मागची बाजू उसळते. वळणावर मात्र गाडी जमिनीला धरून राहते, आणि आपण इतके खाली बसलेले असतो की पन्नास मैलांचा वेग सत्तरसारखा वाटतो.

ही गाडी फार पळत नाही. नवीन असतानाही तासाला साठ मैल गाठायला बारा सेकंदांच्या आसपास लागायचे. आज कुठलीही साधी हॅचबॅक तिला मागे टाकेल. तिचं सुख आहे मधल्या वेगात, तिसऱ्या गिअरमध्ये, तीन हजार फेऱ्यांच्या आसपास, जिथे हे लांब स्ट्रोकचं इंजिन खालून जोर लावत वर येतं. पप्पा अँबॅसॅडरबद्दल म्हणायचे, "हिला रेस नको, हिला ओढायला सांग." अगदी तेच इथे.

आणि ओव्हरड्राइव्ह! जुनी एमजीबी घेणार असाल तर ओव्हरड्राइव्ह असलेलीच घ्या, हे मी कळकळीने सांगते. खटका दाबला की क्लच न दाबता गाडी जणू अर्धा गिअर वर जाते. चौथ्यात साठ मैलांना फेऱ्यांचा काटा साडेतेहतीसशेच्या जवळपास होता, खटका दाबल्यावर पावणेदोन सेकंदांत साडेसत्तावीसशेवर आला आणि इंजिनाचा कल्ला उतरला. १९६८ च्या गाड्यांत तो तिसऱ्यातही चालतो. आम्ही दोन्हीत आठ-दहा वेळा लावून काढून बघितला, एकदाही अडखळला नाही. परत येताना चार थेंब पडले, तरी आम्ही टप लावला नाही. माझी तीच इच्छा होती.

कागदपत्रांचं थोडक्यात. चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथे रोड टॅक्स माफ, आणि मोठे फेरबदल नसतील तर एमओटीची, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची, चाचणीही सक्तीची नाही. मालकांनी तरीही फेब्रुवारीत एमओटी करून घेतली, हे मला आवडलं. पास आहे, शॉकअबच्या ओलीची नोंद आहे. गाडीचा नंबर सरकारी संकेतस्थळावर टाकून मागच्या चाचण्यांचे मैल आणि शेरे कुणालाही फुकट बघता येतात. मी जाण्याआधीच बघितले होते. २०१४ च्या शेऱ्यात 'दोन्ही बाजूंच्या सिलना गंज' असं स्पष्ट आहे. दोन्ही. उजवी बाजू मुळात चांगली होती, हे मला पटलं नाही ते त्या एका शब्दामुळे.

ते फाइल आवरत असताना मी त्यांना हा शेरा दाखवला. चिडले नाहीत. म्हणाले, तो शेरा त्यांनी गाडी घेण्याच्या आधीचा आहे, आणि हवं तर तुमचा माणूस आणून गाडी रॅम्पवर घ्या, सिलच्या भोकातून कॅमेरा घाला, माझी हरकत नाही. मी किंमत १५,००० म्हटली. एका बाजूचं सिल सगळ्या थरांसह करून घ्यायचं तर दीड ते दोन हजार पौंड लागतील, असं एका वेल्डरने मला आधीच फोनवर सांगितलं होतं, वर रंगाचा खर्च वेगळा. ते १७,५०० च्या खाली यायला तयार नाहीत. मी कॅमेऱ्याची तपासणी स्वखर्चाने करायला तयार आहे, पण सिल खराब निघालं तर किंमत उतरेल असं आधी लिहून द्या म्हटलं. त्याला त्यांनी नकार दिला. तिथे आमचं बोलणं थांबलं.

उजवं सिल आतून डाव्यासारखं निघालं, तर ही गाडी मागितलेल्या पैशाला स्वस्त आहे. असं इंजिन, असा गिअरबॉक्स आणि डाव्या बाजूचं तसलं काम या किमतीत मी गेल्या वर्षभरात सहा गाड्यांत बघितलेलं नाही. झाकलेलं निघालं, तर अडीच-तीन हजारांनी महाग. रात्री पप्पांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "इंजिन करणारा मानूस चांगला हाय गं. पत्र्याचं काम दुसऱ्या कुणी केलं आसंल. विचार त्याला." दुसऱ्या दिवशी विचारलं. खरंच, उजवी बाजू बाहेरच्या एका वर्कशॉपला दिली होती, आणि त्यांच्याकडून फोटो कधी मागितलेच नाहीत.

गाडी अजून तिथेच आहे. मी थांबायचं ठरवलंय, पण तुमच्यापैकी कुणाला घाई असेल तर जरूर जा. बरोबर वेल्डिंग कळणारा माणूस आणि सिलच्या भोकातून जाईल असा कॅमेरा न्या, उजव्या बाजूने सुरुवात करा, आणि आदल्या दिवशी फोन करून सांगा की इंजिन गार ठेवा. ते ठेवतात.